वाचकांचे प्रश्न : ऑपरेशननंतरही एएफपी ‘हाय’ का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचं (वय २७) डावं वृषण कॅन्सरमुळे काढलं. ऑपरेशनआधी रक्तातले ट्यूमर मार्कर (कॅन्सरच्या गाठीतून रक्तात येणारी प्रथिनं) तपासले, तेव्हा एएफपी ८०० आणि बीटा एचसीजी ६० होतं. बाराव्या दिवशी एचसीजी नॉर्मल आलं, पण एएफपी २१० असून रिपोर्टवर ‘हाय’ छापलंय. कॅन्सर आत राहिला असेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही, उलट उतार चांगला आहे. गाठ काढली तरी रक्तात आधीच मिसळलेलं एएफपी लगेच जात नाही. ते निम्मं व्हायला साधारण ५ ते ७ दिवस लागतात. एचसीजी मात्र दीड ते तीन दिवसांत निम्मं होतं, म्हणून ते आधी नॉर्मल झालं. सात दिवसांचा हिशेब धरला तर ८०० चे आठवड्याने ४००, मग २००, १००, ५०, २५, आणि सहाव्या आठवड्याच्या शेवटी १२ च्या आसपास. भावाचं एएफपी याहून थोडं वेगानेच उतरतंय. लॅबच्या संगणकाला ऑपरेशनची तारीख ठाऊक नसते. तो फक्त मर्यादेबाहेरचा आकडा ठळक करतो.

मार्कर नॉर्मल होईपर्यंत ठरावीक अंतराने तपासणी चालू ठेवा. उतार मध्येच थांबला किंवा आकडा चढू लागला, तर सीटी स्कॅन स्वच्छ असला तरी कुठेतरी आजार शिल्लक असल्याची शंका घ्यावी लागते आणि बहुधा केमोथेरपीचा विचार होतो. आजाराचा टप्पा ठरवताना ऑपरेशननंतरचे मार्कर धरतात, आधीचे नाहीत. म्हणून तारखांसकट सगळे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवा.

काढलेल्या गाठीच्या बायोप्सीचा रिपोर्टही नीट वाचा. सेमिनोमा हा वृषणाच्या कॅन्सरचा एक प्रकार, आणि शुद्ध सेमिनोमा एएफपी तयार करत नाही. रिपोर्टमध्ये ‘सेमिनोमा’ लिहिलंय आणि एएफपी स्पष्ट वाढलेलं आहे, असं असेल तर गाठीत दुसरा प्रकार मिसळलेला आहे असं धरून उपचार ठरतात. हे डॉक्टरांना जरूर विचारा, कारण पुढचा मार्गच त्यावर बदलतो.

दर वेळी एकाच लॅबमध्ये रक्त द्या. यंत्र बदललं की आकडे थोडे बदलतात, आणि एककही बघावं लागतं : काही लॅब एएफपी नॅनोग्रॅममध्ये देतात, काही आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये. एक युनिट म्हणजे सुमारे १.२ नॅनोग्रॅम. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे एएफपी, एचसीजी खोटं कमी दिसतं, आणि खोटा दिलासा सर्वांत घातक.

प्रश्न : एलडीएच (पेशींमधलं एक एन्झाइम, तिसरा मार्कर) एकदम वाढलं, बाकी दोन्ही मार्कर नॉर्मल. घाबरावं का?

उत्तर : आधी नमुना पाहा. रक्त घेताना सुई नीट न बसल्याने किंवा ट्यूब जोरात हलवल्याने लाल पेशी फुटल्या, तर त्यांतलं एलडीएच बाहेर पडतं. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर नवं रक्त द्या. एलडीएच यकृत, स्नायू, रक्त अशा कित्येक कारणांनी वाढतं. एकट्या त्यावरून निदान होत नाही.

प्रश्न : वृषणात टणक गाठ लागते, पण तिन्ही मार्कर नॉर्मल आले. आता सोनोग्राफीची गरज आहे का?

उत्तर : आहे, आणि ती याच आठवड्यात करा. सेमिनोमाच्या बहुतांश रुग्णांत एचसीजीसुद्धा वाढलेलं नसतं, त्यामुळे नॉर्मल मार्करवरून कॅन्सर नाही असं ठरत नाही. सोनोग्राफीत गाठ वृषणाच्या आत दिसली तर युरॉलॉजिस्टला दाखवा. तिथे सुई घालून तपासणी करू देऊ नका. त्याने कॅन्सरच्या पेशी पसरण्याचा धोका असतो. वृषण काढायचं ठरलं, तर ते जांघेतून छेद घेऊन काढतात. त्याआधी मार्करसाठी पुन्हा रक्त द्या, आणि पुढे मूल हवं असेल तर वीर्य साठवून ठेवण्याबद्दल तेव्हाच विचारा.