वाचक विचारतात : जीपचे फिल्टर, नटबोल्ट आणि परवडणारा माल

प्रश्न : जुनी डिझेल जीप शेतात आणि उसाच्या फडावर चालते. शोरूममध्ये ऑइल फिल्टर मिळत नाही. तालुक्याच्या दुकानात स्वस्त मिळाला, पण लावताना आटे ढिले वाटतात. चालेल का? (वाचक, ता. गेवराई, जि. बीड)

अजिबात लावू नका. फिरवून लावायच्या फिल्टरमध्ये आट्यांची दोन मापं हमखास सापडतात : पाऊण इंच व्यास व दर इंचात १६ आटे, आणि २० मिलिमीटर व्यास व दीड मिलिमीटर पिच (दोन आट्यांमधलं अंतर). पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. त्यामुळे २० चा फिल्टर इंजिनावरच्या पाऊण इंचाच्या स्टडवर चढतो, हाताला बसल्यासारखाही वाटतो, पण धरतात फक्त आट्यांची टोकं. गार इंजिन सुरू करून रेस दिली की ऑइलचा दाब वाढतो आणि फिल्टर निसटतो. मिनिटभरात चेंबर रिकामं होतं, बेअरिंग जातात. शंभर-दोनशे रुपयांसाठी इंजिन उघडायची वेळ येते.

जुना फिल्टर टाकून देऊ नका, तो सोबत घेऊन दुकानात जा. व्हर्नियरने तीन मापं जुळवा : आटा, रबरी रिंगचा आतला व बाहेरचा व्यास, आणि उंची. उंची थोडी कमीजास्त चालते, बाकी दोन्हींत तडजोड नाही. त्यानंतर आतला व्हॉल्व्ह पाहा. बाहेरच्या बारीक भोकांमागे रबराचा पडदा दिसला पाहिजे. इंजिन बंद झाल्यावर तो ऑइल खाली उतरू देत नाही. तो नसला किंवा कडक झाला असला की सकाळी ऑइलचा दिवा बराच वेळ जळत राहतो.

स्वस्त आणि चांगला माल बहुतेकदा ट्रॅक्टरच्या दुकानात मिळतो. बॉश, फ्लीटगार्ड, एलोफिक यांच्या कॅटलॉगमध्ये एका नंबरासमोर दुसऱ्या कंपन्यांचे जुळणारे नंबर दिलेले असतात. जुन्या फिल्टरवरचा नंबर दुकानदाराला सांगा, गाडीचं नाव सांगू नका. नावावरून देतो तेव्हा समोर असेल तो डबा हातात येतो. कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी ट्रॅक्टरवाले माल भरतात, तेव्हा निवड जास्त असते.

लावताना बैठक पुसून घ्या आणि जुनी रिंग तिथेच चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की गळती नक्की. नव्या रिंगला ऑइल लावा. रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग पाऊण फेरा. पान्याने आवळू नका. दोन मिनिटं इंजिन चालवून खाली बघा, बंद करून थोड्या वेळाने काडीवर पातळी पाहा.

प्रश्न : एअर फिल्टरचा कागद दर आठवड्याला कंप्रेसरने मारून घेतो. किती वेळा वापरता येईल? (वाचक, ता. अंबड, जि. जालना)

दर आठवड्याला हवा मारणं हेच मोठं नुकसान आहे. थोडी धूळ बसलेला कागद उलट जास्त बारीक धूळ अडवतो. हवा अडकायला लागली, म्हणजे चढावर ताकद कमी झाली आणि धूर काळा झाला, तेव्हाच काढा. एप्रिल-मेमध्ये पांदणीच्या रस्त्यावरची पिठासारखी धूळ सतत असेल तर हे लवकर होईल, ते साहजिक आहे.

साफ करताना हवा आतून बाहेर मारा. दाब २ बारच्या खाली ठेवा आणि नोझल कागदाला टेकवू नका. टायरच्या दुकानातली पूर्ण दाबाची हवा घड्यांना चिरा पाडते आणि त्या वरून दिसत नाहीत. म्हणून अंधारात आत टॉर्च धरून फिरवा. उजेडाचा एकही ठिपका बाहेर आला तर फिल्टर बदला. कागद पाण्याने धुऊ नका. दुहेरी फिल्टर असेल तर आतला कधीच झटकू नका, थेट नवा घाला.

फिल्टर नवा असूनही इंजिनात धूळ जाते, त्याचं कारण बहुधा फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप असतो. तो काढा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. मातकट रेघ उठली तर क्लिप ढिली आहे, पाइपाला तडा आहे किंवा फिल्टरची कड नीट बसत नाही. हीच धूळ पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर घासते. पुढे ऑइल जळतं आणि निळा धूर येतो. दोन नव्या क्लिपांचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

जुन्या जीपला ऑइल बाथ (वाटीतल्या ऑइलात धूळ पकडणारा एअर फिल्टर) असेल तर कागदाचा खर्चच नाही. वाटी सोडवा, तळाचा गाळ काढा, डिझेलने धुवा आणि खुणेपर्यंत इंजिन ऑइल भरा. खुणेच्या वर मात्र थेंबभरही नको. जास्तीचं ऑइल इंजिन ओढून घेतं आणि डिझेल इंजिन त्यावरच बेफाम पळू शकतं; मग चावी बंद करूनही थांबत नाही.

प्रश्न : पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला. गंज लागू नये म्हणून स्टेनलेसचा टाकावा का? (वाचक, ता. कळंब, जि. धाराशिव)

नको. बाजारातला नेहमीचा स्टेनलेस बोल्ट ए२-७० दर्जाचा असतो. त्याची ताणशक्ती ७०० मेगापास्कल आणि तो ४५० ला वाकायला लागतो. ८.८ दर्जाचा साधा बोल्ट ८०० चा आहे आणि ६४० पर्यंत टिकतो. दर्जा डोक्यावर कोरलेला असतो. कोरा बोल्ट पाटे, स्टिअरिंग आणि ब्रेक यांना वापरू नका. नंबर प्लेट, मडगार्ड, बंपरच्या पत्र्याला स्टेनलेस खुशाल लावा.

तुमचा बोल्ट बहुधा स्वतःहून तुटलेला नाही. पाटे धुऱ्याला आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले झाले की पाटे एकमेकांवर सरकतात आणि सगळा मार सेंटर बोल्टवर येतो. तो गेला की धुरा मागेपुढे सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. नवा सेंटर बोल्ट घालताना यू-बोल्टही नवेच घ्या. एकदा ताणलेले जुने पुन्हा धरत नाहीत. गाडीचं वजन चाकांवर ठेवून समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. शंभर किलोमीटरनंतर आणि मग पाचशेनंतर पुन्हा पाना लावा. हे कोणी करत नाही, आणि म्हणूनच बोल्ट पुन्हा तुटतो. आट्यांना ग्रीस फासू नका. त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो.

विकत घेताना पिच तपासा. १२ मिलिमीटरचा बोल्ट १.२५, १.५ आणि १.७५ अशा तिन्ही पिचमध्ये येतो. जुना नट सोबत न्या आणि दुकानातच हाताने चढवून बघा.

प्रश्न : कॉमन रेल इंजिनाला लोकल डिझेल फिल्टर चालेल का? (वाचक, ता. भोकर, जि. नांदेड)

इथे पैसे वाचवू नका. हजार बारच्या वर दाब असलेल्या इंजेक्टरला डोळ्याला न दिसणारा कणही चालत नाही. ठरलेल्या नंबराचाच फिल्टर, पावती घेऊन. कॅनमधून डिझेल भरत असाल तर फिल्टरच्या तळातलं पाणी महिन्यातून एकदा सोडा : खालचा स्क्रू ढिला करा, आधी पाणी येईल, स्वच्छ डिझेल आलं की बंद करा.

प्रश्न : जुन्या जीपच्या डाव्या चाकाचे नट सुटत नाहीत. कापून काढू का? (वाचक, ता. औसा, जि. लातूर)

आधी स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलाय का बघा. काही जुन्या जीपना डावीकडे उलटे आटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सुटतात. नवे नट घेताना डावे-उजवे वेगळे मागा, आणि एखादा स्टड आधीच्या मिस्त्रीने बदललेला असू शकतो, म्हणून प्रत्येक स्टड तपासा.