मराठी माध्यमातून शिकलेल्यांना इंग्रजी व्याकरणात नेमकं काय अडतं?

माझ्या मते सगळ्यात जास्त अडतात ते काळ. 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो' हे आपण साध्या वर्तमानकाळात सांगतो, म्हणून इंग्रजीत सहज 'आय लिव्ह इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' असं तोंडून निघतं. यात दोन चुका आहेत. आधी सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. शिवाय आपलं 'पासून' सुरुवातीच्या क्षणालाही चालतं आणि कालावधीलाही. इंग्रजीत मात्र 'सिन्स २०१९', पण 'फॉर फाइव्ह इयर्स'. शाळेत काळांचे तक्ते घोकून घेतात, हा फरक कुणी समजावून देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी अडचण 'अ', 'ॲन', 'द' यांची, कारण मराठीत उपपदंच नाहीत. 'अ' की 'ॲन' हे स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरतं: 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'. एवढं लवकर जमतं. 'द' मात्र नुसत्या नियमांनी येत नाही, त्याला भरपूर वाचनच हवं.

सुरुवात म्हणून स्वतःच्या नोकरी-शिक्षणाबद्दल 'सिन्स' आणि 'फॉर' वापरून रोज चार-पाच खरी वाक्यं लिहा आणि मोठ्याने म्हणा.