हँडिकॅप २२ वर अडकलाय, आठवड्याला तीनच तास मिळतात; सराव नेमका कशाचा करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोल्फमधला हँडिकॅप (कोर्सला अपेक्षित शॉटपेक्षा ढोबळमानाने किती जास्त लागतात तो आकडा) वर्षभर २२ च्या आसपास घुटमळतोय, तो १८ वर आणायचाय, सरावाला आठवड्याचे जेमतेम तीन तास मिळतात. बरोबर खेळणारे म्हणतात पटिंग (ग्रीनवर बॉल कपात ढकलणं) करा, व्हिडिओवाले म्हणतात ड्रायव्हर (सर्वात लांब मारायचा क्लब) सुधारा. ऐकायचं कुणाचं?

सध्या कुणाचंच नको. त्यांच्यापैकी कुणी तुमचे शॉट मोजलेले नाहीत, आणि बहुधा तुम्हीही नाहीत. कार्डावर ६ लिहिला जातो, ते सहा शॉट कुठे गेले हे लिहिलं जात नाही. मग सराव ठरतो आठवणीवर, आणि गोल्फमध्ये आठवण फार दगा देते.

एक पार ४ होल घ्या, म्हणजे चार शॉटमध्ये संपणं अपेक्षित असलेला. टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, बॉल उजवीकडे झाडांत गेला. सरळ फेअरवेवर काढायचा सोडून दोन खोडांमधल्या फटीतून ग्रीनकडे मारला, खोडावर आपटून आणखी आत गेला. तिसरा निमूटपणे बाहेर काढला. चौथा ग्रीनच्या पंधरा यार्ड अलीकडे पडला. चिप, म्हणजे ग्रीनजवळून मारलेला छोटा शॉट, कपापासून पंचवीस फुटांवर थांबली. पहिला पट चार फूट कमी पडला, दुसरा कपाच्या कडेला चाटून गेला, तिसरा आत. झाले आठ. घरी जाताना डोक्यात काय घोळतं? तो चार फुटी पट. दुसऱ्या दिवशी माणूस पटिंग ग्रीनवर तासभर चार फुटांवरून पट मारत बसतो. पटने एक शॉट खाल्ला हे खरंच, पण त्याआधी झाडांनी दोन खाल्ले होते, आणि त्यातला एक स्विंगमुळे नव्हे, हट्टामुळे गेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ड्राइव्ह मिरवायला आणि पट कमवायला, अशा अर्थाचं एक जुनं वाक्य गोल्फर एकमेकांना ऐकवत असतात. दक्षिण आफ्रिकेचे बॉबी लॉक यांच्या नावावर ते खपतं. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी हजारो शॉटच्या नोंदी घेऊन हिशेब मांडला तेव्हा चित्र बरंच वेगळं निघालं. चांगल्या आणि त्यापेक्षा कमी कसलेल्या खेळाडूंच्या स्कोअरमधला साधारण दोन तृतीयांश फरक १०० यार्डांच्या बाहेरून मारलेल्या शॉटमध्ये पडतो. त्यांच्या ‘स्ट्रोक्स गेन्ड’ (सरासरीच्या तुलनेत किती शॉट कमावले) पद्धतीने पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेने २०११ पासून पटिंग मोजायला सुरुवात केली. त्याच हिशेबातून कळतं की टूरवरचे व्यावसायिक आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात आणि तेहेतीस-एक फुटांवरून त्यांना सरासरी दोन पट लागतात. तेव्हा आठ फुटी पट हुकला म्हणून डोक्याला हात लावू नका.

पण हा दोन तृतीयांशाचा आकडा सगळ्या खेळाडूंचा मिळून आहे. त्यावरून तुमचे तीन तास वाटून टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचण्यासारखं आहे. शिवाय जिथे जास्त शॉट जातात तिथेच सर्वात लवकर सुधारणा होते असं नाही. ड्रायव्हर सरळ व्हायला महिने लागतात, चिप ताळ्यावर यायला आठवडे.

आता हँडिकॅप बनतो कसा ते बघा, कारण इथे बहुतेकांचं लक्षच जात नाही. २०२० पासून लागू असलेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये शेवटच्या २० राउंडपैकी सर्वात चांगल्या ८ राउंडच्या डिफरन्शियलची (कोर्सचा अवघडपणा धरून काढलेल्या स्कोअरच्या आकड्याची) सरासरी घेतली जाते. बाकीचे बारा राउंड तुम्ही कितीही वाईट खेळलात तरी त्यांचा आकड्यावर परिणाम नाही. त्यातही प्रत्येक होलवर नेट डबल बोगीची मर्यादा आहे, म्हणजे पार अधिक दोन अधिक हँडिकॅपमुळे त्या होलवर मिळणारे शॉट. तुमचा कोर्स हँडिकॅप (त्या कोर्सवर मिळणारे जादा शॉट) २२ धरला तर प्रत्येक होलवर एक आणि स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम) १ ते ४ च्या होलवर दोन शॉट मिळतात. म्हणजे साध्या पार ४ वर जास्तीत जास्त ७ धरले जातात, त्या चार अवघड होलवर ८. तुम्ही तिथे ११ मारले तरी हँडिकॅपला त्याचं काही नाही. जीव जळतो तो तुमचा.

म्हणून हँडिकॅप उतरवायचा असेल तर डोळे चांगल्या राउंडवर हवेत. इंडेक्स, म्हणजे हाच हँडिकॅपचा आकडा, एकाने खाली यायला त्या आठ डिफरन्शियलमध्ये मिळून आठ कमी व्हावे लागतात. कोर्सचा स्लोप (अवघडपणाचा आकडा) ११३ च्या आसपास असेल तर ढोबळपणे दर चांगल्या राउंडमागे एक शॉट. ते कमी होणार आहेत ५ च्या जागी पडलेल्या साध्यासुध्या ६ मधून, ज्यांची तुम्हाला आठवणही राहत नाही. ११ वाली होलं आठवतात, पण त्यांवर सराव खर्च करून आकडा फारसा हलत नाही. अपवाद एकच: अशी होलं इतकी वारंवार होत असतील की चांगला राउंड जमण्याची शक्यताच राहत नसेल, तर मात्र टी शॉट हेच पहिलं काम.

तर पुढचे पाच-सहा राउंड कार्डाच्या कोपऱ्यात चार खुणा करा. टी शॉटनंतर पुढचा बॉल ग्रीनच्या दिशेने मोकळा मारता आला का. पेनल्टी (दंडाचे शॉट) किती. ग्रीनपासून चाळीस यार्डांच्या आत आल्यावर बॉल ग्रीनवर चढवायला किती शॉट लागले. आणि पहिला पट किती पावलांवरून होता व एकूण पट किती. यापेक्षा जास्त लिहायला गेलात तर तिसऱ्या होलवर कंटाळून सोडाल. मोबाइल ॲप आवडत असेल तर वापरा, पण दर शॉटनंतर फोन काढणाऱ्या माणसाबरोबर खेळायला मला तरी आवडत नाही.

नुसते एकूण पट मोजू नका, तो आकडा फसवतो. जो ग्रीन सतत चुकवतो पण चिप जवळ टाकतो त्याचे पट कमी दिसतात. जो लांबून ग्रीन गाठतो त्याचा पहिला पट चाळीस फुटांचा असतो, त्याचे जास्त दिसतात. दोघांपैकी पटिंग कुणाचं चांगलं हे त्यावरून कळत नाही.

तुमच्या हँडिकॅपच्या खेळाडूंच्या कार्डांत मला दोन जागा वारंवार दिसतात.

पहिली, ग्रीनच्या अगदी जवळ. पंधरा यार्डांवरून एक चिप फॅट बसते, म्हणजे क्लब आधी मातीत आणि मग बॉलला, आणि बॉल चार फूट सरकतो. पुढची भीतीने टॉप होते, म्हणजे क्लब बॉलच्या डोक्याला लागतो, आणि बॉल ग्रीनपलीकडे. एका जागी तीन शॉट. इथे तुमच्या तीन तासांतला एक तास आनंदाने द्या, कारण परतावा लवकर मिळतो. लॉब वेज (बॉल उंच उडवायचा क्लब) बॅगेतच राहू द्या. एकच क्लब घ्या, ८ किंवा ९ आयर्न किंवा पिचिंग वेज, वजन पुढच्या पायावर, बॉल जमिनीलगत सोडून घरंगळत न्यायचा. सराव गवतावरच करा. सरावाच्या रेंजवरच्या मॅटवर फॅट बसलेला क्लबही घसरून बॉलपर्यंत पोचतो आणि शॉट बरा गेल्यासारखा वाटतो, गवतावर तोच क्लब रुततो. गवतावर रंगाची किंवा दोरीची एक रेघ घ्या आणि बॉल न ठेवता नुसते स्विंग करा. क्लब गवताला रेघेवर किंवा तिच्या पुढे लागायला हवा, मागे नाही. दहापैकी आठ वेळा तसं व्हायला लागलं की मग बॉल ठेवा.

दुसरी जागा टी. उजव्या हाताने खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांचा रोग म्हणजे स्लाइस, बॉल हवेत उजवीकडे वळणं. बॉल सुटतो तो मुख्यतः क्लबफेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) जिकडे बघत असतो तिकडे, आणि वळतो तो फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. पण स्विंगला हात घालण्याआधी एक तपासणी करा: ड्रायव्हरच्या फेसवर पायाला मारतात तो पावडरचा स्प्रे मारा आणि दहा बॉल मारून प्रत्येक ठसा बघा. ठसे शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला, टाचेकडे पडत असतील तर तुमच्या स्लाइसचा काही भाग तिथूनच येतोय, कारण टाचेवर बसलेला बॉल उजवीकडे आणखी वळतो. अशा वेळी बॉलपासून जरा दूर उभं राहूनसुद्धा फरक पडतो का ते पाहा, मग कोचकडे जा. ठसे मध्यभागी आणि तरीही स्लाइस, तर मात्र थेट कोच. व्हिडिओ बघून फेस आणि मार्ग स्वतः दुरुस्त करणारे मी फार थोडे पाहिलेत.

तोपर्यंत कोर्सवर स्लाइस गृहीत धरून खेळा. बॉल नेहमी उजवीकडेच जात असेल तर डावीकडे निशाणा धरा. एकाच बाजूला चुकणारा खेळाडू सुखी. दोन्हीकडे चुकणाऱ्याला निशाणा धरायला जागाच नसते, त्याने टीवर दुसरा क्लब हातात घ्यावा.

पटिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तुमच्या नोंदीत एका ग्रीनवर तीन-तीन पट लागणं बहुतेक दहा-बारा पावलांच्या पुढून होत असेल तर लांबीचा अंदाज चुकतोय, दिशा नव्हे. पटिंग ग्रीनवर कपाऐवजी ग्रीनच्या कडेला निशाणा धरा आणि वेगवेगळ्या अंतरांवरून बॉल कडेपाशी थांबवा. बंकर महिन्यातून एकदा पुरे. आणि ग्रीनकडे मारताना बॉल नेहमी अलीकडेच पडत असेल तर सरावाची गरजच नाही, एक क्लब मोठा घ्या.

रेंजवर मात्र पद्धत बदला. ७ आयर्न हातात घेऊन एकाच झेंड्याकडे पन्नास बॉल मारले की शेवटचे वीस सुरेख जातात आणि माणूस खूश होऊन घरी जातो. शनिवारी कोर्सवर तसा एकविसावा बॉल कधी येतच नाही. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हातांच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं: एकाच क्रियेची सलग घोकंपट्टी करणारे सरावात पुढे असतात, पण नंतरच्या परीक्षेत क्रिया उलटसुलट क्रमाने करणारे पुढे जातात. स्विंगमध्ये काही नवं बसवत असाल तेवढेच बॉल सलग मारा. बाकीचे मारताना तुमचा नेहमीचा कोर्स डोळ्यांसमोर आणा: पहिल्या होलचा ड्रायव्हर, मग त्यानंतर उरणाऱ्या अंतराचा क्लब, मग दुसरा होल. प्रत्येक बॉलला नवा क्लब, नवा निशाणा. बॉल निम्मे लागतील आणि मनस्ताप दुप्पट होईल.

इंडेक्सकडे मात्र लगेच बघू नका. नवा राउंड जमा झाला की विसावा जुना राउंड यादीतून गळतो; तो तुमच्या चांगल्या आठांपैकी असेल तर तुम्ही सुधारत असतानाही आकडा थोडा वर जाऊ शकतो. दर पाच-सहा राउंडनंतर कोपऱ्यातल्या खुणा मोजा आणि तीन तासांची वाटणी त्यावरून बदला. चाळीस यार्डांच्या आतले जादा शॉट कमी झाले असतील तर तो तास आता टीला द्या.