प्रश्नोत्तरे : पूर्ण वाढलेले पिल्लू कवचातच का मरते?

प्रश्न : थर्माकोलच्या पेटीत घरीच उबवणी यंत्र बनवले आहे. जुलैत ४८ गावठी अंडी लावली. तापमान ३७.५ अंश, आत पंखा, दिवसातून तीनदा अंडी फिरवली, पाण्याचे दोन वाडगे सतत भरलेले. अठराव्या दिवशी ३९ अंड्यांत जीव दिसत होता, पिल्ले निघाली २१. उरलेली अंडी फोडली तर आत ओलीचिंब, फुगलेली, पूर्ण वाढलेली पिल्ले. काय चुकले? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : त्या दोन वाडग्यांनीच घात केला. पहिल्या १८ दिवसांत अंड्यातले काही पाणी कवचाच्या छिद्रांतून उडून जावे लागते. ते जाते तसतशी रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू चोचीने या पोकळीचा पडदा फोडते आणि पहिला श्वास तिथलाच घेते. पोकळी लहान राहिली की त्याला ना हवा पुरत, ना मान वळवायला जागा मिळत.

पहिले १८ दिवस पेटीत ५० ते ५५ टक्के आर्द्रता हवी. चिपळूणच्या पावसाळ्यात बाहेरची २७ अंशांची, ९० टक्के दमट हवा पेटीत ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांवर उतरते. म्हणजे तुम्हाला अठराव्या दिवसापर्यंत वाडगा नकोच होता. हीच पेटी एप्रिलमध्ये लातूरला लावली तर ३५ अंशांची, २० टक्क्यांची हवा आत १७-१८ टक्क्यांवर येईल. तिथे दोन वाडगेही अपुरे पडतील. पसरट ताट ठेवावे लागेल, कारण पाणी किती खोल आहे यापेक्षा ते किती पसरले आहे यावर आर्द्रता ठरते.

स्वस्त आर्द्रतामापक दहा-दहा टक्के चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर पाण्याचे थोडे थेंब टाका, मीठ ओलसर दिसले की पुरे. झाकण आणि मापक घट्ट बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसले पाहिजेत. ७० दिसले तर प्रत्येक वाचनात ५ मिळवा. खरा भरवसा मात्र वजनकाट्यावर ठेवा. १० अंड्यांवर पेन्सिलने खूण करून पहिल्या दिवशी ती एकत्र तोला. ४८० ग्रॅम भरली तर नवव्या दिवशी ४५० आणि अठराव्या दिवशी ४२० च्या आसपास यायला हवीत. नवव्या दिवशी ४६५ दिसली तर पाणी काढून टाका, ४३५ दिसली तर वाढवा. अजून नऊ दिवस हातात असतात.

अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणे बंद करा, आर्द्रता ६५ ते ७० करा आणि हवेची भोके पूर्ण उघडा. मग झाकणाला हात लावू नका. एकदा उघडले की दमट हवा निसटते, टोचलेल्या अंड्याचा पडदा सुकून चिवट होतो आणि पिल्लाला चिकटून बसतो.

प्रश्न : पिल्लाने टोचा मारून आठ तास झाले, पुढे काहीच हालचाल नाही. कवच सोलून बाहेर काढावे का? – एक वाचक, जुन्नर

उत्तर : नाही. पहिल्या टोच्यानंतर १२ ते २४ तास लागणे साहजिक आहे. या वेळात पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि पडद्यातल्या रक्तवाहिन्या रिकाम्या होत असतात. आधी सोलले तर रक्तस्राव होतो. निघालेली पिल्ले अंग कोरडे होईपर्यंत आतच राहू द्या. बलकाच्या जोरावर ती दोन दिवस दाण्यापाण्यावाचून तगतात.

प्रश्न : खुडूक कोंबडी अंड्यांसह खुराड्यातून दुसऱ्या खोलीत हलवली, तर तिने बसणेच सोडले. – एक वाचक, संगमनेर

उत्तर : दिवसाउजेडी हलवली असेल. खुडूक कोंबडी अंधार पडल्यावरच उचलावी. टोपलीत तळाला राख, वर पेंढा टाकून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. दोन दिवस तिला उबवायच्या नसलेल्या दोन-तीन साध्या अंड्यांवर बसवा. नीट ठाण मांडून बसली की ती साधी अंडी काढून १० ते १२ ताजी अंडी एकाच रात्री खाली सारा. रोज एक-एक वाढवलीत तर पहिली पिल्ले निघताच ती उठेल आणि उरलेली अंडी गारठतील. पिसांच्या मुळाशी उवा असतील तरीही ती घरटे सोडते, म्हणून बसवण्याआधी पंखांखाली आणि शेपटीखाली बघा. दाणा म्हणून अख्खा मका किंवा ज्वारी आणि पाणी घरट्याजवळ ठेवा. दिवसातून एकदा १५-२० मिनिटे ती उठते, त्याची काळजी नको. कडकनाथ किंवा वनराज कोंबडी सहसा खुडूक होत नाही. त्यांची अंडी गावठी किंवा असील कोंबडीखाली ठेवा.

प्रश्न : चार तास वीज गेली. अंडी वाया गेली का? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : बहुधा नाही. झाकण न उघडता पेटीवर गोधडी घाला, पण हवेची भोके झाकू नका. पिल्ले थोडी उशिरा निघतील, इतकेच. गारठ्यापेक्षा जास्त तापणे घातक. थर्मोस्टॅटचा (तापमान राखणाऱ्या उपकरणाचा) रिले, म्हणजे बल्ब चालू-बंद करणारा स्विच, चिकटून बल्ब जळत राहिला तर ४१ अंशांच्या वर काही तासांतच जीव जातो. म्हणून एका १०० वॅटच्या बल्बऐवजी ४० वॅटचे दोन बल्ब लावा. एकूण वॅट कमी असल्याने पेटी कमी तापते, शिवाय एक उडाला तरी दुसरा ऊब धरून ठेवतो. बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचाच घ्या. एलईडीची उष्णता पुरत नाही.