महिन्याला ५०० रुपयांत शिवराई जमवता येईल का?

येईल. शिवराई म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, आणि मी ती गेली अकरा वर्षं जवळपास त्याच हिशोबात जमवतोय. तुम्ही लिहिलंय की छंद नवीन आहे, ५०० च्या वर जायचं नाही, आणि सुरुवात 'महाराजांच्या काळातल्या' शिवराईने करायची आहे. पहिलं-दुसरं ठीक. तिसऱ्याबद्दल आधी बोलू, कारण नवख्याचा खिसा तिथेच रिकामा होतो.

एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', ही शिवराईची ओळख. १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा सोन्याचे होन आणि तांब्याच्या शिवराया पाडल्या गेल्या. पण पुढच्या छत्रपतींच्या काळात आणि पेशवाईतही हाच मजकूर चालू राहिला. १८१८ ला पेशवाई बुडाली तरी शिवराई बाजारातून गेली नाही, कंपनी सरकारच्या अमलातही ती चालली. त्यात बहुतेक नाण्यांवर सालाचा पत्ताच नाही. म्हणजे 'शिव' वाचता आलं म्हणून नाणं महाराजांच्या काळातलं ठरत नाही, ते दीडशे वर्षांत कधीचंही असू शकतं. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तो भाव सांगतो तो तांब्याचा नव्हे, आपल्या श्रद्धेचा.

म्हणून निदान पहिलं वर्षभर जुनेपणासाठी जास्तीचा एक रुपया देऊ नका. फरक जमवा.

दुदांडी शिवराईपासून सुरू करा. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतात म्हणून दुदांडी. ही पेशवाईच्या उत्तरकाळातली, भरपूर पाडलेली, त्यामुळे आजही सगळ्यात स्वस्त. झिजलेल्या नाण्यांचा लॉट मिळाला तर एकेक नाणं वडापाव-चहाच्या खर्चात पडतं. लोक नाक मुरडतात, 'कॉमन' म्हणतात. पण खरी गंमत तिच्यातच आहे. ही नाणी हातोड्याने पाडलेली. अक्षरं कोरलेला ठसा मोठा, तांब्याची चकती लहान. त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर जवळजवळ कधीच मावत नाही. एकावर 'श्री रा' येतं आणि 'जा' चकतीबाहेर जातो, दुसऱ्यावर खालचा 'शिव' येतो पण वरची ओळ गायब.

मी काय करतो, नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासतो आणि ते कागद वहीत शेजारी शेजारी चिकटवतो. एका संध्याकाळी लक्षात आलं की माझ्याकडच्या दोन नाण्यांवर 'ज'चा काना सारखाच वाकडा आहे, खालच्या बाजूला डावीकडे कललेला. दोन्ही एकाच ठशातली! एक एका बाजूला सरकलेलं, एक दुसऱ्या बाजूला. तेव्हापासून त्या ठशाचे तुकडे शोधतोय, आतापर्यंत चार सापडलेत. ही मजा लाखाच्या होनाला नाही. तो घेतला की तिजोरीत.

डोळा बसला की बाकीचे फरक आपोआप दिसू लागतात. कुठे 'शिव', कुठे 'सिव'. कुठे 'छत्रपति', कुठे 'छत्रपती', कुठे शेवटची वेलांटीच नाही. कुठे बेलपान, कुठे चंद्रकोर. पूर्ण शिवराई झाली की अर्धीकडे वळा, ती छोटी असते आणि बऱ्याचदा लॉटमध्ये दुर्लक्षित पडलेली असते.

पहिल्या महिन्याचे ५०० नाण्यांवर घालवू नका. दहापट दाखवणारं भिंग आणि खिशात मावणारा वजनकाटा घ्या, पैसे कमी पडले तर दोन महिने थांबा. माझ्याकडच्या दुदांडी साधारण आठ-नऊ ग्रॅमच्या आहेत, मण्यांच्या किनारीच्या जुन्या धाटणीच्या अकराच्या वर. काटा खोटेपणा सिद्ध करत नाही, पण संशय मात्र वेळेवर जागा करतो.

संशयावरून आठवलं. तिसऱ्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी 'श्री राजा शंभु' असं नाणं घेतलं, चार महिन्यांचे पैसे साठवून. संभाजी महाराजांचं नाणं म्हटल्यावर माझं डोकं चाललंच नाही. पुढच्याच आठवड्यात त्याच माणसाने तसंच दुसरं विकायला काढलं. फोटो मोठा करून पाहिला तर 'त्र'च्या खाली माझ्या नाण्याला जी खाच आहे ती यालाही, तिथेच, तेवढीच. हातोड्याच्या नाण्यांत ठसा सारखा असू शकतो. चकतीची कड, खाच, झीज सारखी नसते. दोन्ही एकाच साच्यात ओतलेली होती. ओतीव नाण्यावर अक्षरं साबणासारखी गुळगुळीत दिसतात, बारीक खड्डे असतात आणि कडेला कधीकधी कानशीने घासल्याची खूण मिळते. ते नाणं मी टाकलं नाही, वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलंय.

चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही लावू नका. देवघरातला तांब्या आणि शिवराई यांत फरक आहे. शंभर-दोनशे वर्षांत चढलेली काळपट तपकिरी कांती एकदा गेली की गेली, आणि तिच्याबरोबर निम्मी किंमतही. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, मऊ ब्रशने अलगद काढा, पूर्ण वाळवा. हिरवट भुकटी सुटत असलेलं नाणं घेऊच नका, मिळालंच तर बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. पीव्हीसीची पाकिटंही नकोत, तांबं हिरवं पडतं.

'शेतात सापडलं, साहेब' म्हणत कुणी मातीसकट गाडगं दाखवलं तर निघून या. बऱ्याचदा ते नाटक असतं. खरं असेल तर जास्तच भानगड: १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शिवाय शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे, तेव्हा परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवू नका.

तुम्ही पुण्यातच आहात तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. पहिल्या दोन-तीन खेपांना काही घेऊ नका, नुसती हातात घेऊन बघा. आणि पाकिटात ३०० च ठेवा, उरलेले घरी.