प्रश्न वाचकांचे : लाँचर पोचला, आत भरायचं काय?

युक्रेनला मिळणाऱ्या हवाई संरक्षण यंत्रणांबद्दल सोलापूर शहर-जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

"'एक पॅट्रियट दिली' असं छापून येतं. एक म्हणजे नेमकं काय काय? आणि घोषणा झाल्यावर पोचायला चार महिने का लागतात?" – जुळे सोलापूर

पॅट्रियट ही येणारी विमानं, क्षेपणास्त्रं पाडणारी अमेरिकी क्षेपणास्त्र यंत्रणा. एक म्हणजे एक बॅटरी, एकत्र काम करणाऱ्या गाड्यांचा संच. तिच्यात एक रडार, एक नियंत्रण गाडी, अँटेनाचे उंच खांब असलेली गाडी, १५० किलोवॅटचे दोन जनरेटर बसवलेला ट्रक आणि लाँचर, म्हणजे क्षेपणास्त्रं सोडणाऱ्या गाड्या. लाँचर कधी चार, कधी सहा, पुरते भरले तर आठ. देणारा देश किती लाँचर देतो हे बातमीत सहसा नसतं, आणि खरी गोम तिथंच असते.

लढताना नियंत्रण गाडीत तिघंच बसतात, पण बॅटरीमागे साधारण ९० माणसं राबतात. केबल टाकणं, जनरेटर सांभाळणं, क्रेननं नवी क्षेपणास्त्रं चढवणं, बिघाड काढणं, सगळं त्यांच्याकडे. अमेरिकेनं डिसेंबर २०२२ मध्ये पॅट्रियट जाहीर केली, जानेवारीत सुमारे ६५ युक्रेनी सैनिक ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलला शिकायला गेले, आणि एप्रिल २०२३ मध्ये यंत्रणा युक्रेनमध्ये पोचली. माणसं आधीपासून विमानभेदी कामात मुरलेली होती, म्हणून एवढ्यात भागलं. नवशिक्यांना यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पॅट्रियटचं हे रडार चहूकडे बघत नाही, समोरचा साधारण १२० अंशांचा पट्टाच बघतं. त्यामुळे तोंड कुठं करायचं हे आधी ठरवावं लागतं आणि पाठ उघडी राहते. शिवाय रडार चालू केलं की शत्रूला त्याचा ठावठिकाणा लागतो. एकाच जागी फार दिवस बसून चालत नाही.

"वीस-तीस हजार डॉलरच्या ड्रोनवर चाळीस लाख डॉलरचं क्षेपणास्त्र सोडायचं, हा कुठला हिशेब?" – अक्कलकोट रोड एमआयडीसी

हिशेब बरोबर मांडलात. म्हणूनच शक्यतो तसं करत नाहीत. महाग क्षेपणास्त्र बॅलिस्टिक, म्हणजे खूप उंच जाऊन प्रचंड वेगानं खाली येणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी राखून ठेवतात, कारण ते पाडू शकणारं दुसरं फारसं काही हाताशी नसतं.

तुमच्याच धंद्यातलं सांगायचं तर माग कितीही चांगला असो, सूत गुंडाळलेला बीम नसेल तर तो उभाच राहणार. इथं बीम म्हणजे क्षेपणास्त्रं. एका लाँचरवर पॅट्रियटच्या जुन्या पॅक-२ जातीची ४ बसतात, पॅक-३ ची १६, पॅक-३ च्याच नव्या एमएसई जातीची १२. येणाऱ्या एका बॅलिस्टिक क्षेपणास्त्रावर बहुधा दोन सोडतात. एका रात्री दहा आली तर वीस संपली. २०२४ मध्ये कारखान्यातून एमएसई निघाली सुमारे ५००, तीही जगभरातल्या सगळ्या गिऱ्हाइकांसाठी मिळून. पैसा ओतला म्हणून उत्पादन लगेच दुप्पट होत नाही.

ड्रोनसाठी तोफा बऱ्या. जर्मनीनं दिलेल्या गेपार्ड या विमानभेदी रणगाड्यावर ३५ मिलिमीटरच्या दोन तोफा असतात, दोन्ही मिळून मिनिटाला ११०० गोळे. गाडीत हवेत मारायचे गोळे ६४०. सलग झाडले तर ३५ सेकंदांत खेळ खलास, म्हणून तोफची छोटे छोटे फेर सोडतात. हल्ली काही हजार डॉलरची, ड्रोनला जाऊन धडकणारी ड्रोनंही वापरतात. रशिया मात्र खऱ्या ड्रोनांत फोमची नकली ड्रोनं मिसळतो. ती पाडण्यात गोळे गेले की त्याचं काम झालं.

"आपल्या मालकीचं शस्त्र दुसऱ्याला द्यायला तिसऱ्याची परवानगी कशाला?" – पंढरपूर

विकतानाच करारात अट असते: मूळ देशाला विचारल्याशिवाय पुढे देऊ नये. गेपार्डचंच घ्या. जर्मनीकडे स्विस बनावटीचे १२,४०० गोळे होते, तटस्थतेच्या कायद्यावर बोट ठेवून स्वित्झर्लंडनं नकार दिला. शेवटी ऱ्हाइनमेटाल या जर्मन शस्त्र कंपनीनं जर्मनीतच गोळ्यांच्या उत्पादनाची नवी ओळ उभारली, आणि पहिला माल निघाला सप्टेंबर २०२३ मध्ये.

परवानगी मिळाली तरी माल बराचसा पोलंडमधल्या झेशुफ विमानतळामार्गे जातो. पुढे रेल्वेनं न्यायचा तर रुळांची रुंदी बदलते: पोलंडमध्ये १४३५ मिलिमीटर, युक्रेनमध्ये १५२०. कुर्डुवाडीला बार्शी लाइटच्या नॅरोगेजवरून ब्रॉडगेजवर माल उतरवून चढवताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

"एवढी रडारं असून ड्रोन शहरावर येईपर्यंत दिसत का नाही?" – विजापूर रोड

पृथ्वी गोल आहे म्हणून. खालून उडणारं ड्रोन क्षितिजाआड लपतं. रडार आणि ड्रोन यांच्या मीटरमधल्या उंचींची वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१२ नं गुणा: ड्रोन किती लांबून दिसेल ते किलोमीटरमध्ये येतं. रडार १० मीटरवर आणि ड्रोन ५० मीटरवर असेल तर साधारण ४२. म्हणजे भुईकोट किल्ल्यात रडार ठेवलं तर ड्रोन अक्कलकोटच्या आसपास येईपर्यंत दिसायचंच नाही, तेही मध्ये टेकाड नसेल तर. रशिया वापरतो ते इराणी बनावटीचं शाहेद ड्रोन ताशी १८० किलोमीटरनं येतं, हाताशी १४ मिनिटं. ताशी ८०० चं, विमानासारखं खालून उडणारं क्रूझ क्षेपणास्त्र असेल तर जेमतेम तीन. सिद्धेश्वर कारखान्याच्या पाडलेल्या चिमणीएवढ्या, साधारण ९० मीटर उंचीवर रडार चढवलं तर पल्ला ६८ किलोमीटरपर्यंत जातो, पण एवढा खांब शत्रूलाही दिसतो आणि हलवता येत नाही.

म्हणून युक्रेननं देशभर खांबांवर हजारो मायक्रोफोन लावले. शाहेदचं इंजिन मोपेडसारखं फटफटतं. तो आवाज तीन-चार ठिकाणी टिपला की दिशा आणि वेग निघतो, आणि पिकअपवर मशीनगन घेऊन बसलेल्या टोळीच्या टॅबवर ठिपका उमटतो. त्यावर रशियानं ड्रोनं दोन-दोन किलोमीटर उंचीवरून आणायला सुरुवात केली. तिथं ती रडारला दिसतात, पण मशीनगनची गोळी तिथवर जात नाही.