जास्त चिकट डिंक उन्हाळ्यात का सरकतो?

प्रश्न : जळगावात आमचा प्लॅस्टिकच्या चटया विणण्याचा लहान कारखाना आहे. गुंडाळलेल्या चटईवर पॉलिथिनची पिशवी चढवून तिच्यावर आम्ही लेबल लावतो. पूर्वीची लेबले पिशवीवर नीट धरत नसत, म्हणून पुरवठादाराने ‘जास्त रेझिनच्या’ ॲक्रिलिक डिंकाची लेबले दिली. दिवाळीत ती पक्की बसली. मे महिन्यात मात्र पत्र्याच्या शेडमध्ये तीच खाली सरकली आणि कडांना आलेल्या डिंकावर धूळ बसली. जास्त चिकट डिंक कमी का टिकतो?

उत्तर : बोटाला जाणवणारा चिकटपणा, सोलताना लागणारा जोर आणि सततचा ताण सोसून जागेवर राहण्याची ताकद हे तीन निरनिराळे गुण आहेत. रेझिनमुळे, म्हणजे चिकटपणा वाढवण्यासाठी डिंकात मिसळलेल्या राळेसारख्या पदार्थामुळे, सहसा पहिले दोन वाढतात आणि तिसरा घटतो.

ब्यूटाइल ॲक्रिलेटसारख्या घटकांपासून बनलेल्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्या गुंत्यातच ॲक्रिलिक डिंकाचे अंगचे बळ असते. अशा रेझिनचे (टॅकिफायरचे) रेणू, उदाहरणार्थ चिडाच्या राळेपासून केलेल्या रोझिन एस्टरचे, त्यामानाने फारच लहान असतात. ते साखळ्यांमध्ये शिरले की गुंता विरळ होतो, डिंक मऊ पडतो आणि हलक्या दाबानेही पृष्ठभागावर पसरतो. गंमत अशी की, रेझिन स्वतः कडक असल्यामुळे डिंक ज्या तापमानाखाली काचेसारखा ताठ होतो, ते तापमान वर सरकते, आणि म्हणून हळू दाबल्यास मऊ वाटणारा हाच डिंक झटक्याने ओढल्यास चिवट होतो. पॉलिथिनची पृष्ठऊर्जा, म्हणजे डिंकाला पृष्ठभागावर पसरवून धरणारी ओढ, सुमारे ३१ मिलिन्यूटन प्रति मीटर इतकी कमी असल्याने त्यावर ध्रुवीय (रेणूंत विद्युतभार असमान विभागलेला) ॲक्रिलिक डिंक नीट पसरत नाही. कमी ध्रुवीय रेझिनने ती अडचण कमी होते. पुरवठादाराचा सल्ला तेवढ्यापुरता बरोबरच होता.

मात्र आपले लेबल गोल गुंडाळीवर वाकवून बसवलेले आहे. ते सरळ होऊ पाहते आणि हा ताण मंद असला तरी अखंड असतो. बाहेर ४५ अंश असताना पत्र्याखाली त्याहून अधिक उष्मा असतो. गुंता विरळ झालेला डिंक अशा वेळी वाहू लागतो.

सरकलेले एक लेबल उचलून पिशवी निरखून पाहावी. डिंकाचा थर पिशवीवरही आणि कागदावरही राहिला असेल, तर डिंकच आतून फाटला आहे. पिशवी स्वच्छ निघाली, तर दोष बहुधा पकडीचा आहे, आणि तेव्हा रेझिनला बोल लावण्याआधी पिशवीच्या पृष्ठभागावर आलेला घसरणीचा मिश्रक (पिशव्या एकमेकींवर सहज सरकाव्यात म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातलेला पदार्थ) तपासावा. माझ्या मते पुष्कळदा खरा अपराधी तोच असतो. कडांना आलेला डिंक पाहता आपली गत पहिलीच दिसते. पुरवठादाराकडे रेझिनचे प्रमाण घटवून किंवा अधिक मृदुबिंदूचे, म्हणजे जास्त तापमानाला मऊ पडणारे, रेझिन वापरून, साखळ्या रासायनिक दुव्यांनी बांधलेला डिंक मागावा. खरेदीपूर्वी २५ मिलिमीटर रुंद पट्टीचा तितकाच लांब भाग आपल्याच पिशवीच्या कापावर चिकटवावा, तो काप उभ्या फळीवर पक्का बसवावा, पट्टीच्या मोकळ्या टोकाला अर्धा किलो वजन टांगावे आणि भर दुपारी शेडमध्ये ती किती वेळ टिकते ते जुन्या लेबलाशी ताडून पाहावे. बोटाने चाचपून घेतलेली परीक्षा येथे निरुपयोगी आहे.

प्रश्न : रावेर तालुक्यातील आमच्या केळी पॅकिंग केंद्रात १३ अंशांच्या शीतखोलीत खोक्यांवर लावलेली लेबले गळून पडतात. डिंक तोच, बाहेर मात्र उत्तम चिकटतो.

उत्तर : वर सांगितलेल्या कारणाचीच ही दुसरी बाजू आहे. रेझिनने ताठ होण्याचे तापमान वर नेल्यामुळे थंडीत डिंक पसरत नाही. लेबले खोके आत नेण्यापूर्वीच दाबून लावावीत आणि थोडा वेळ बसू द्यावीत. एकदा पसरलेला डिंक थंडीत सहसा सुटत नाही. बाहेर काढलेल्या खोक्यावर दव धरले असेल, तर ते पुसून कोरडे झाल्याशिवाय नवे लेबल लावू नये.